धुतलेली वाळू

कारखान्यात त्याला सगळे घासूमास्तर म्हणत. शिकवायला तो कधी कुठल्या शाळेत गेला नव्हता. पण बावीस वर्षं चष्म्याच्या काचा घासून पाहण्याचंच काम केल्यावर माणसाला दुसरं काय म्हणणार? काचा म्हणायच्या त्या आपल्या सवयीनं. असतं ते प्लास्टिक, आणि ते इतकं मऊ की जरा काही घासलं तरी रेघ उठते. म्हणून त्यावर एक पारदर्शक लेप चढवतात, केसाच्या विसाव्या हिश्श्याइतका पातळ. तो लेप टिकाऊ आहे की नुसता दिखाऊ, हे ठरवायचं घासूमास्तरानं. त्याची सही झाल्याशिवाय एकही खोकं गेटबाहेर पडत नसे आणि याचा त्याला अभिमान होता, जरुरीपेक्षा थोडा जास्तच.

हा अभिमान घरीदारी सगळ्यांना सोसावा लागे. कुणाकडे गेला की टेबलावर नख ओढून बघे. नव्या मोबाइलचा पडदा उजेडाकडे तिरका धरून "सहा महिने" असं भविष्य सांगे. एका शेजाऱ्यानं हौसेनं नवी गाडी दाखवली, तर यानं अभिनंदन करायचं सोडून दारावरचे चार ओरखडे शोधून दिले. कुठे जायचं असलं की बायको आधीच बजावे, "हात खिशात ठेवा."

तपासणीच्या खोलीत एक यंत्र होतं, त्याला सगळे पाळणा म्हणत. उथळ पेटीच्या तळाशी काच बसवायची, वर मोजून वाळू ओतायची आणि बटण दाबायचं. पेटी झुलायला लागे, वाळू काचेवरून सरसरत इकडून तिकडे जाई. असे सहाशे हेलकावे झाले की काच धुवायची, तिच्यातून उजेड सोडायचा आणि ती किती धूसर झाली ते मोजायचं. आकडा पाचाच्या आत आला तर माल पास. नियम एकच, भिंतीवर मोठ्या अक्षरांत मास्तरानंच लिहिलेला: वाळू एकदाच. कारण काच घासता घासता वाळूही झिजते. तिचे कोपरे जातात, दाणे गोल होतात, आणि गोल दाण्यांपुढे कुठलीही काच पहिलवान ठरते.

मागच्या वर्षी ही वाळू संपली. ती काही नदीवरून पाटीभर उचलून आणायची वाळू नव्हे. एका मापाच्या धारदार दाण्यांची, लांबून मागवावी लागणारी. मागवायचं काम मास्तराचं, आणि मास्तर विसरला होता. नवी पोती यायला दहा दिवस लागणार होते. मॅनेजरबाईंकडे जाऊन "मी विसरलो" एवढंच सांगायचं होतं. त्यांनी फार तर दोन शब्द सुनावले असते. पण बावीस वर्षांत ही वेळ आली नव्हती, आणि मास्तराची जीभ काही रेटेना. त्यानं टाकून दिलेली वाळू गोळा केली, बादलीत धुतली, चाळली, वाळवली आणि पाळण्यात ओतली. नोंदवहीत लिहिलं: नवी वाळू.

नेमकं त्याच दिवसांत लेप भाजायच्या भट्टीची एक बाजू गार पडत होती. लेप कच्चा राहत होता. तो पकडण्यासाठीच तर पाळणा होता. पण पाळण्यातली वाळू बिचारी म्हातारी झालेली. आकडा यायचा दोन, फार तर अडीच. मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मास्तरालाही वाटलं, असेल, लेपच सुधारला असेल. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कुणाची फारशी मदत लागत नाही.

त्याच मालातल्या काचा त्यानं ताईच्या चष्म्याला बसवल्या.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे याला वाढवलं तिनंच. कपड्यांच्या एका दुकानात ती रफूचं काम करी. फाटलेल्या कोटाला ती कापडातलेच धागे काढून असं विणे, की मालकानं स्वतः शोधलं तरी जागा सापडू नये. दुकानातली खिडकीजवळची खुर्ची तिची, एकतीस वर्षं. चष्मा देताना मास्तर छाती फुगवून म्हणाला होता, "ताई, याच्यावर ओरखडा आला तर मी नाव बदलीन."

"तुझं खरं नाव आता आठवतंय कुणाला?" ताई म्हणाली होती, आणि चष्मा लावून भावाकडे बघत राहिली होती.

चार महिन्यांनी एका रविवारी तो तिच्याकडे गेला. ताई दळण निवडावं तशी मान खाली घालून बटणं वेगळी करत होती. भाचीनं चहा देता देता सांगून टाकलं, "मामा, आईनं रफू सोडलं. खुर्ची दुसऱ्या बाईंना दिली. आता काजं-बटणं करते."

"का?"

"डोळे गेले माझे," ताई म्हणाली. "वय झालं. काळ्यात काळा धागा दिसत नाही. सगळं धुरकट. एका गिऱ्हाइकाच्या कोटावर रफू उठून दिसलं, मालकांनी काही म्हटलं नाही, पण मलाच लाज वाटली."

"चष्मा बघू."

तिनं तो पटकन दिला नाही. मुठीत धरून बसली. मग म्हणाली, "रागावू नकोस. माझंच काहीतरी चुकलं असेल. तू सांगितल्यासारखं पाण्यानंच धुते मी, पण एकदा घाईत कोरडं फडकं फिरवलं. सुया टोचून टोचून बोटंही खरखरीत झालीत माझी. तुला सांगणार होते, पण म्हटलं, एवढ्या हौसेनं दिलास, वाईट वाटेल तुला."

मास्तरानं चष्मा खिडकीकडे धरला आणि तिरका केला. दोन्ही काचांवर बारीक रेघांचं जाळं होतं. एका फडक्यानं, एका घाईनं असं होत नाही, हे जगात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला बादली आठवली. चाळणी आठवली. स्वतःच्या वळणदार अक्षरातले ते दोन शब्द आठवले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. ताई समोर होती, वाट बघत होती. आणि मास्तर काय बोलला?

"हो, कोरडं पुसायचं नसतं, ताई."

ताईनं मान डोलावली. "तेच ना," ती म्हणाली, आणि आपली बोटं मांडीवरच्या कापडाखाली सारली.

चहा तसाच टाकून तो उठला. रस्ताभर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाळू धुतली त्या दिवशी तो भित्रा होता, एवढं तो स्वतःला माफ करू शकला असता. पण आजचं वाक्य? जिनं त्याला हात धरून चालायला शिकवलं, तिला तिचे हात लपवायला लावले होते त्यानं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तक्रारींची फाइल काढली. त्या मालाबद्दल एक्केचाळीस पत्रं आली होती. एक ड्रायव्हर लिहीत होता की समोरच्या दिव्यांभोवती धुकं दिसतं. एका मास्तरणीनं आधी स्वतःचीच चूक कबूल करून मग विचारलं होतं की असं का झालं. प्रत्येकाला एकच छापील उत्तर गेलं होतं: 'अयोग्य पद्धतीने पुसल्यामुळे काचेवर ओरखडे येऊ शकतात.' हे वाक्य मास्तरानंच कधीतरी लिहून दिलेलं. म्हणजे एक्केचाळीस घरांत माणसं आपल्याच हातांकडे बघत बसली होती, आणि पत्र न लिहिणारी किती, कुणास ठाऊक.

त्यानं कपाटातून त्या मालाचे राखून ठेवलेले नमुने काढले, पाळण्यात ताजी वाळू ओतली आणि सहाशे हेलकावे संपेपर्यंत उभा राहिला. आकडा आला एकोणीस.

मॅनेजरबाईंनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"वाळू संपली हे मला का नाही सांगितलंत, मास्तर?"

"मी विसरलो होतो मागवायला."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सगळा माल परत बोलवावा लागेल. प्रत्येकाला पत्र जाईल, ते तुम्ही लिहा. आणि चाचणीवर सध्या तुमची सही नको." मास्तरानं मान हलवली. पत्रात त्यानं लिहिलं, 'चूक तुमच्या हाताची नव्हती, आमची होती.' 'आमची' खोडून 'माझी' केलं, मॅनेजरबाईंनी ते पुन्हा 'आमची' केलं.

शनिवारी संध्याकाळी तो नव्या काचांचा चष्मा घेऊन ताईकडे गेला. आज खुर्चीवर न बसता उभ्यानंच त्यानं सांगितलं: वाळू, बादली, नोंदवही, सगळं. भाची दारात थबकली. ताई हातातलं बटण फिरवत ऐकत होती.

"म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?"

"ठीक आहेत."

"आणि हात?"

"तुझ्या हातांनी काहीच केलेलं नाही, ताई."

तिनं हातातलं बटण खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, "त्या रविवारी माहीत होतं तुला? मी फडक्याचं बोलले तेव्हा?"

त्याला वाटलं होतं, हा प्रश्न ती विचारणार नाही.

"हो," तो म्हणाला. "चष्मा हातात घेतल्याबरोबर."

ताई रागावली नाही. रडलीही नाही. "बस," म्हणाली, "उभा का?" आणि भाचीला चहा टाकायला सांगितलं. मग नवा चष्मा उचलला. लहानपणापासून भावानं आणलेली कुठलीही वस्तू, उघडूनही न बघता, 'छानच असणार' म्हणून घेणारी ही बाई. आज तिनं चष्मा आधी खिडकीकडे धरला. एक डोळा मिटून तिरका केला. एक काच बघितली, मग दुसरी, सावकाश, त्याच्यासारखीच.

मगच तो डोळ्यांना लावला.