शून्य-दोन सालचा पाऊस

बसम्मामावशींची आणि माझी ओळख २००३ सालची. मी तेव्हा कोल्हापुरात पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कचेरीत कंत्राटावर लागले होते. जुन्या वह्यांमधले टंकून आलेले आकडे संगणकावर नीट लावायचं काम माझ्याकडे होतं. मावशी गारगोटीपलीकडच्या एका खेड्यात पर्जन्यमापक वाचायच्या आणि महिन्याचा तक्ता द्यायला स्वतः एसटीनं कचेरीत यायच्या.

त्यांचं माहेर निपाणीकडचं, शाळा झाली ती कानडीत चौथीपर्यंत. मराठी आकडे त्यांना नवऱ्यानं, शिवलिंगांनी शिकवले. पाऊस मोजायचं काम आधी सासऱ्यांकडे होतं, मग शिवलिंगांकडे. १९९१ साली कावीळ होऊन शिवलिंग गेले. दिवसकार्यही आटोपलं नव्हतं, तरी सकाळी साडेआठला मावशी मोजपात्र घेऊन अंगणाबाहेर गेल्या. "बाईमाणसाला जमणार हाय का?" असं कुणी म्हणालं. मावशी गुडघ्यावर बसल्या, पाण्याची पातळी डोळ्यासमोर धरली आणि आकडा वाचला. कचेरीनं पुढं तेच काम त्यांच्या नावावर केलं. मुलीच्या, सौंदर्याच्या लग्नादिवशीसुद्धा अक्षता पडायच्या आधी त्यांचं मोजमाप झालं होतं. एकदा म्हशीनं मापक पाडलं, तर त्या दिवसाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'म्हशीनं पाडलं. आकडा न्हाय.' अंदाजानं काही लिहिलं नाही.

त्या केंद्राच्या २००२ पर्यंतच्या नोंदी शंभराहून जास्त वर्षांच्या होत्या. जुन्या इंचांचे मिलिमीटर करून त्या संगणकावर टंकायचं काम एका टायपिंग क्लासला दिलं होतं आणि टंकून झाल्यावर मूळ वह्यांचे गठ्ठे वाळवी लागली म्हणून रद्दीत गेले होते. साल सगळीकडे दोनच आकडी. ४७ म्हणजे १९४७, हे सरळ होतं. १४ म्हणजे १९१४, कारण २०१४ अजून यायचं होतं. पण ००, ०१, ०२? मी संगणकाला सांगून टाकलं, ही नवी सालं समज. एका तारखेला दोन आकडे दिसले तर सरासरी धर, असंही सांगितलं. आपण हुशारी केली असं मला वाटलं होतं.

त्याच सुमारास मावशींच्या गावात ओढ्याकाठी नवी शाळा बांधायची होती. एका दिवसात जास्तीत जास्त किती पाऊस पडू शकतो, हे इंजिनिअरांनी आमच्याकडे विचारलं. मी छापील कागद काढला. सगळ्यात मोठा आकडा होता एकशे चौऱ्याहत्तर मिलिमीटर, २२ जुलै २००२.

मावशी तक्ता द्यायला आल्या होत्या. कागदावर गावाचं नाव दिसलं म्हणून वाचायला लागल्या.

"तंगी, ह्यो कुठला पाऊस?" धाकट्या बहिणीला कानडीत म्हणतात तसं त्या मला तंगी म्हणायच्या. "गेल्या साली जुलैत रोपं वाळालती की. लावणी खोळंबली. एवढा पाऊस झालाच न्हाय."

"मावशी, कागदावर आहे."

"कागदावर असंल. माझ्या मोजपात्रात न्हवता."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, घरची वही घेऊन. २२ जुलैला सहा मिलिमीटर. मी टायपिंग क्लासकडून आलेली फाईल उघडली. त्या तारखेला दोन ओळी होत्या: एक सहाची, दुसरी तीनशे बेचाळीसची. सरासरी, एकशे चौऱ्याहत्तर. माझे कान तापले.

आमचे साहेब गणपतराव म्हणाले, "तीनशे बेचाळीस ही टायपिंगची चूक. काढून टाक."

"साहेब, न बघता काढू नका," मावशी म्हणाल्या. "शेऱ्यात काय लिवलंय?"

शेऱ्याच्या रकान्यात अधूनमधून 'बाजार' असा शब्द होता. बाजारादिवशी मापकाजवळ जनावरं बांधतात, म्हणून तो शेरा लिहायची चाल जुनी, सासऱ्यांच्याही आधीची. गावचा बाजार गुरुवारी, कधीच बदलला नव्हता. प्रत्येक महिन्याचं पान सलग टंकलेलं असल्यानं दोन्ही जुलै मला वेगळे करता आले. एकात 'बाजार' ४, ११, १८ आणि २५ तारखेला. दुसऱ्यात, म्हणजे तीनशे बेचाळीसच्या जुलैत, ३, १०, १७, २४ आणि ३१ ला. मी दिनदर्शिका काढली. २००२ च्या जुलैत पहिला गुरुवार चारला होता. १९०२ च्या जुलैत तीनला.

तो पाऊस चुकीचा नव्हता. तो शंभर वर्षांपूर्वी खरोखर पडला होता, आणि मी तो पुसायच्या बेतात होते.

गणपतरावांनी गुरुवार स्वतः मोजून पाहिले. मग मावशींना खुर्ची द्यायला सांगितलं आणि इंजिनिअरांना फोन लावला. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं, ते एवढंच म्हणाले, "तिन्ही सालं पुन्हा बघ." बाजाराच्या शेऱ्यावरून मी महिनाभर ती सालं सोडवत बसले. ओढ्याकाठी ठरलेली शाळा वरच्या माळावर गेली. पोरांना चढ पडतो म्हणून गावात कुरकुर झाली, मावशींच्या दारातही चार माणसं येऊन बोलून गेली. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि घरच्या वहीत उतरवून घेतलेला १९०२ चा आकडा दाखवला.

२००५ च्या जुलैत आभाळ फाटलं. शाळेसाठी आधी ठरलेल्या जागेवर ओढा छातीभर चढला. खालच्या आळीतली एकवीस घरं पाच दिवस माळावरच्या शाळेत राहिली. माणूस एकही गेला नाही.

रस्ता खुला झाल्यावर मी गेले. मावशी शाळेच्या व्हरांड्यात बायकांबरोबर भाकरी थापत होत्या. मी वाकून पाया पडले.

"आगं, माझ्या कसल्या पाया पडतीस?" त्या म्हणाल्या. "त्या शून्य-दोन सालात कोणतरी माणूस एवढ्या पावसात भिजत जाऊन आकडा लिवून आलता. त्याचं नाव बी ठावं न्हाय आपल्याला. हात जोडायचं तर त्याला जोड."

मग त्यांनी माझ्या हातात गरम भाकरी आणि खर्डा दिला. धोंडुबाई नावाची एक म्हातारी शेजारी सरकली, मला बसायला जागा झाली. वर्गात पोरांचा गोंधळ चालला होता. मी भुकेली होते. दोन भाकऱ्या खाल्ल्या.