घाईत उरकलेली विचारपूस

बेकुंदाचा धंदा गणिताचा. शरीरातल्या पाण्याला एमआरआयचं यंत्र ठोके देतं, पाणी उत्तरं देतं, त्यातून चित्र उमटतं. पहिली उत्तरं मात्र डळमळतात; ती टाकून द्यायची. किती टाकायची, हे बेकुंदाची समीकरणं सांगत.

"आपल्या अंकोले मुलखात पाहुणा आल्या आल्या कामाचं बोलतो का?" तो शिकाऊंना विचारी. "गुरं कशी, पोरं कशी, दूध पिऊन झालं, मग काम. सिग्नलचंही तेच."

आणि याच शहाण्यानं विचारपूस कापली. बाहेर रांग लागलेली, म्हणून टाकून द्यायच्या आठशे ठोक्यांचे दोनशे केले. दर माणशी दोन मिनिटं वाचली. तपासून पाहिलं कुणावर? स्वतःवर आणि दोन धडधाकट नर्सांवर. चित्रं झकास आली, टाळ्या पडल्या.

आज कोबुसिंग्ये आजींच्या पाच महिन्यांच्या नातीच्या चित्रात, डोक्यात साचलेल्या पाण्याच्या मधोमध पांढरा पडदा दिसत होता. तो फोडायला डॉ. बारिग्ये हातमोजे चढवत होते.

बेकुंदाच्या आत्ता ध्यानात आलं. साचलेलं पाणी मेंदूपेक्षा कितीतरी सावकाश स्थिरावतं. दोनशे ठोक्यांत ते अजून उंबऱ्यावरच असणार! त्या डळमळीतूनही असा खोटा पांढरा पट्टा उमटू शकतो.

"डॉक्टर, थांबा. तो पडदा नसेलही. माझी चूक असेल."

"असेल? गणितवाले, तुमच्याकडे 'असेल' कधीपासून आलं?"

"एकदा पुन्हा चित्र घेऊ. पुरते आठशे ठोके."

आजी उसळल्या. "पुन्हा निजवायचं? लेकरू आहे बाबा माझं, मटोके केळ्यांचा घड नव्हे, दाबून दाबून बघायला!"

तरी निजवलं. नव्या चित्रात नुसतं पाणी होतं, पडदा नव्हताच.

"वाचलो," बारिग्येंनी हातमोजे उतरवले. "पाण्याला वाट करून देणारी नळी तेवढी बसवू. डोक्यात उगाच फोडाफोड नको."

आजींचा राग कुठल्या कुठे पळाला. बेकुंदाचा हात धरून त्यांनी रीतसर सुरुवात केली, "घरी सगळे बरे? आई बरी? गुरं बरी?"

एरवी तो "बरंय, बरंय" म्हणून सटकला असता. आज त्यानं दुसऱ्या हातातली यंत्राची वही उघडली. दोन महिने, दोनशे ठोके, एकोणीस तान्ही बाळं. त्यातल्या तिघांपुढे बारिग्येंच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पडदा फोडला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "अजून एक बोलायचंय."

बारिग्ये वळले. सुटकेचं हसू अजून त्यांच्या तोंडावरच होतं.