उजव्या पायातला बूट

सुभेदारसाहेब आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा ते फौजेत होते एवढंच मला माहीत होतं. तिथे नेमकं काय करायचे हे कळायला तीन महिने लागले. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि ते त्यांच्या गच्चीवर कुंड्यांना पाणी देत होते. बेलोऱ्याच्या विमानतळाकडून एक छोटं विमान आलं आणि आमच्या डोक्यावरून गेलं. साहेबांनी मान वर केली ती विमान दिसेनासं होईपर्यंत खाली आणलीच नाही. कुंडी भरून पाणी त्यांच्या चपलेत गेलं.

"विमानात बसायला आवडतं वाटतं तुम्हाला," मी म्हणाले.

"बसाले नाही आवडत, मॅडम. उतराले आवडते. अन् तेही मधातच."

चांदूर बाजारजवळच्या एका गावातला शेतकऱ्याचा मुलगा, फौजेत गेला आणि तीस वर्षं विमानातून उड्या मारत राहिला. हजाराच्या वर उड्या. आधी स्वतः, मग इतरांना शिकवत. आता सत्तरीला टेकलेले, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पत्नी गेल्यामुळे एकटे.

मी दहावीला विज्ञान शिकवते. माझे वडील अमरावतीच्या कोर्टात वकील होते. ते म्हणायचे, उत्तर माहीत नसेल तर साक्षीदाराला प्रश्न विचारू नये. माझं नेमकं उलटं आहे. उत्तर माहीत असलं की मला प्रश्नात रसच राहत नाही. त्यामुळे त्या दिवसापासून दोन गच्च्यांच्या मधल्या कठड्यावर माझी चौकशी सुरू झाली.

पडताना पोटात गोळा येतो का? येत नाही, ते म्हणाले. पाळण्यात येतो तसा तर मुळीच नाही. पहिले काही सेकंद गेले की पडतोय असं वाटतच नाही, वारा खालून गादीसारखा धरून ठेवतो. मग भीती कधी वाटते? दारात. आणि हजाराव्या उडीलाही वाटते. ज्याला वाटेनाशी होते त्याला आम्ही काही दिवस जमिनीवर ठेवायचो. छत्री उघडली की काय होतं? "आवाज बंद होते," ते म्हणाले. "एकदम. मंग खालचे कुत्रे भुकताना आयकू येतात."

मीही वाचायला लागले. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये लोक बलूनमधून कापडाच्या छत्रीनं खाली यायचे, आणि ती छत्री घड्याळाच्या लंबकासारखी इतकी झुलायची की उतरणाऱ्याला ओकाऱ्या व्हायच्या. पुढे छत्रीच्या माथ्यावर एक भोक ठेवलं आणि झुलणं कमी झालं. हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. भोक त्यांना माहीत होतं, पण ते का, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मला पाठीवरच्या दोन छत्र्यांचं सांगितलं. मुख्य छत्रीची घडी रोजचा घडी घालणारा घालतो. राखीव छत्रीची मात्र खास परवाना असलेला माणूस घालतो, तिला दोरा बांधून सील करतो आणि कागदावर सही करतो. आता तर एक चिमुकलं यंत्र असतं. माणूस बेशुद्ध झाला तरी ठरावीक उंचीला ते राखीव छत्री आपोआप उघडतं. "आमच्या टायमाले ते यंत्र म्हणजे आमचं डोकं," ते म्हणाले.

जुलैत माझा मुक्त पतनाचा धडा आला. मी त्यांना वर्गावर बोलावलं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि पोरांनी त्यांना सोडलं नाही. तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी आयुष्यात शंभर वेळा सांगितली असावी, कारण हसायच्या जागा त्यांना पाठ होत्या. एका उडीत त्यांची मुख्य छत्री पिशवीतून बाहेरच आली नाही. घडी घालणाऱ्यानं दोऱ्यांचे वेढे चुकीचे बसवले होते. त्यांनी मुख्य छत्री अंगापासून तोडून टाकली, राखीव उघडली आणि एका बुटानं गव्हाच्या शेतात उतरले. शेतातल्या बाईनं भूत समजून विळा उगारला. वर्ग खो-खो हसला.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, दुसरा बूट कुठं गेला?"

"तो वरच गेला, छत्रीसंगं," साहेब म्हणाले, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

रविवारी मी त्या उडीची आकृती काढायला बसले, फळ्यावर काढता यावी म्हणून. माणूस, पाठीवरची पिशवी, दोऱ्या. आणि बुटाशी अडले. छत्री पिशवीतच अडकली असेल तर ती पाठीच्या वर असणार. दोऱ्या खांद्यांना. पाय खाली. मग बूट छत्रीबरोबर कसा जाईल? कागद घेऊन मी गच्चीवर गेले. माझ्या मनात काहीही वाकडं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मला फक्त आकृती पुरी करायची होती.

"साहेब, दोरी पायात अडकल्याशिवाय बूट जाणार नाही. आणि पायात दोरी यायला तुम्ही पाठीवर पडत असायला हवं. तसं होतं का?"

त्यांनी कागद हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग घडी घालून मला परत दिला आणि जिना उतरून गेले.

आठ दिवस ते गच्चीवर आले नाहीत. कुंड्या वाळायला लागल्या तेव्हा मीच कठड्यावरून पाइप टाकून पाणी दिलं. मला वाटलं, मी एका म्हाताऱ्या माणसाची आवडती गोष्ट मोडली. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी दारावरची बेल वाजवली.

"मॅडम, तुमाले गाडी चालवता येते ना? मले अकोल्याले जायचं हाय. डोळ्यामुळं मी चालवत नाही."

"एस.टी. आहे की," मी म्हणाले.

"हाय. पण एस.टी.त बसलो तर अर्ध्या रस्त्यात मूर्तिजापूरले उतरून वापस येईन. तुमी संगं असल्या तर नाही येणार."

गाडीत त्यांनी सगळं सांगितलं, समोर रस्त्याकडे बघत. त्या दिवशी ते खरंच पाठीवर होते. नवशिक्या करतो ती चूक. घाईत कडी ओढली, मुख्य छत्रीला बाहेर खेचणारी छोटी छत्री अंगाखालून गेली आणि तिची पट्टी उजव्या पायाला वेढली. मुख्य छत्री तोडली तरी ती पायाला लोंबत राहिली. त्यांनी पाय झाडला, बुटाच्या नाड्या तुटल्या, बूट आणि छत्री दोन्ही गेली, तेव्हा कुठे राखीव मोकळी उघडली. बाकीचे त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं होतं. बूट चिखलात रुतला, असं सांगितलं. शरीर सरळ, म्हणजे पोटावर होतं, असं सांगितलं. छत्री तीन दिवसांनी एका नाल्यात गुंता झालेली सापडली, बूट त्यात नव्हता. तिच्यावरून कुणाला काही कळेना. मग त्यांच्या सांगण्यावरच चौकशी संपली. महिन्याभरात त्यांची शिक्षक म्हणून निवड व्हायची होती, ती झाली. घडी घालणाऱ्याला घडीच्या टेबलावरून काढून भांडारात पाठवलं.

"आणि वर्गात खरं काय ते सांगून गेलात," मी म्हणाले.

"पोरीनं विचारलं अन् तोंडातून निंघून गेलं. इतक्या वर्षांत बुटाचं कोणी विचारलंच नोतं."

घडी घालणारा अकोल्याचा. शिंप्याचं घराणं, फौजेतून आल्यावर त्यानं जुन्या शहरात ताडपत्री शिवायचं दुकान टाकलं होतं. मागच्या बाजूला घर. आम्ही पोचलो तेव्हा तो दुकानात जमिनीवर बसून ताडपत्रीच्या कडेला रिंग ठोकत होता. साहेबांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, बारीक, चष्म्याला दोरी. वर पाहिलं आणि लगेच ओळखलं. उठायला लागला.

"बसा," साहेब म्हणाले, आणि स्वतः उभेच राहिले. "ते तुमच्या घडीनं नोतं झालं. मी पाठीवर होतो. पट्टी पायाले अटकली होती. मी लबाड बोललो."

त्या माणसानं हातातली हातोडी बाजूला ठेवली. मला वाटलं होतं तो ओरडेल किंवा रडेल. त्यानं विचारलं, "कोणत्या पायाले?"

"उजव्या."

"आतून का बाहेरून?"

साहेबांना आठवावं लागलं. "बाहेरून आली अन् टाचेमागं बसली."

"कडी ओढली तवा पाय वाकलेले होते का सरळ?"

"वाकलेले."

"बूट चिखलात रुतला म्हणले होते तुमी."

"वर गेला. पट्टीसंगं."

"बूट वर गेल्याची गोष्ट मले कोणी सांगतलीच नाही," तो म्हणाला. मग त्यानं एक निळी ताडपत्री ओढली आणि जमिनीवर पसरली. नाड्या घेतल्या. आमच्यासमोर त्यानं ती घडी पुन्हा घातली, त्या दिवशी घातली होती तशी. कड कडेला, दोरीचा प्रत्येक वेढा दोन बोटांच्या मापानं. हात कुठेही थांबला नाही. घडी झाल्यावर त्यानं पट्टीच्या जागी एक नाडी धरली, पलीकडे माणूस आहे असं समजून तिला वळवली, टाचेमागे नेली आणि ओढली. दोनदा ओढली. मग हात मांडीवर ठेवले.

"म्हंजे माह्या घडीत काईच नोतं."

"काईच नोतं," साहेब म्हणाले.

त्याची बायको आतल्या दारात येऊन उभी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "टेबलावरून काढलं तवापासून यायनं घरातल्या कपड्याची घडी कोणाले घालू नाही देली, बाई. माह्या लुगड्याची बी नाही."

राग त्यानंतर आला. आवाज मोठा न करता तो म्हणाला,

"मी तथीच विचारलं होतं तुमाले. जीपच्या बाजूले. म्हणलं, साहेब, शरीर सरळ होतं ना? तुमी हो म्हणले."

"हो."

"तेरा वर्षं ब्लँकेटं मोजली मी भांडारात. माह्या हातची घडी घेऊन गेलेला एकबी माणूस पडला नोता, अन् पोट्टे माह्याकडून घडी नको म्हणत."

"माफी मागतो."

"मागा. मागाले काय जाते. मी आज देत नाही."

बायकोनं चहा आणला आणि आम्ही दोघांनी तो घेतला, त्यानंही घेतला. चहा पिताना त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. "तुमी कोण?"

मी शेजारीण, शिक्षिका, असं सांगितलं, आणि आकृतीचा कागद पर्समधून काढून दाखवला. त्यानं तो उजेडाकडे धरला. माणसाच्या पायाशी मी काढलेलं प्रश्नचिन्ह बोटानं दाबून पाहिलं.

"चौकशीले चार अफसर बसले होते," तो म्हणाला. "एकानंबी हे विचारलं नाही." कागद त्यानं परत केला नाही.

परतताना मूर्तिजापूरला आम्ही थांबलो. टपरीवरचे भजे साहेबांनी हातात धरून ठेवले, खाल्ले नाहीत. माझा एक प्रश्न उरला होता आणि तो मला गिळता येईना.

"पण तुम्ही पाठीवर गेलातच कशाला? तेव्हाही चारशे उड्या झाल्या होत्या तुमच्या."

ते थोडं ओशाळून म्हणाले, "विमान पाहाचं होतं. आपण उतरल्यावर ते कसं जाते ते. सगळ्या उड्यांत खालीच पाहिलं होतं. म्हणलं, एक डाव वर पाहू. इतकं सुंदर दिसत होतं ते, मॅडम, बारीक होत जाताना, की मी हातावरचा उंचीचा काटा पाहालेच इसरलो."

मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्या माणसाला विमान बारीक होताना कसं दिसलं असेल, हेही मला जाणून घ्यायचं होतं. दोन्ही एकाच वेळी. मी ते विचारलं. त्यांनी आसेगावचा फाटा येईपर्यंत त्याचं वर्णन केलं, आणि मग ते झोपले.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या जुन्या तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी मोठा आवाजी संदेश टाकला. आधी माझ्यासमोर तीनदा बोलून पाहिला. बुटापासून सुरुवात केली. तासाभरानं एकानं लिहिलं, आता कशाला जुनं उकरता. दुसऱ्यानं हात जोडल्याची खूण टाकली. त्याच टेबलावर काम केलेल्या एका निवृत्त माणसानं मात्र अकोल्याचा नंबर मागितला आणि त्याच दिवशी फोन केला. दोघं काय बोलले, ते आम्हाला कळलं नाही.

वर्गात मी ती आकृती काढली. खाली लिहिलं, 'पाठीवर पडताना पट्टी पायाला अडकू शकते', आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलीला पुढे बोलावून बाण काढायला लावले. तिला वाटलं तिला शिक्षा होतेय.

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी साहेब कठड्याशी आले. अकोल्याहून फोन आला होता म्हणाले.

"माफ केलं का?" मी विचारलं.

"त्याचं काही बोलला नाही. चार मिन्टं बोलला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अकोल्यात कर म्हणे, तथचा डॉक्टर चांगला हाय. यायचं असंल तर मुक्कामाले ये म्हणे."

"मग जाणार?"

"तुमाले गाडी आणता येईल का? जानेवारीत?" त्यांनी विचारलं.