नावाडी शेवटपर्यंत असतो

माझे बाबा चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जे शेवटचे पेपर तपासले ते जपानी कार्टूनचे. कार्टून नाही, ॲनिमे म्हणा, असं मी शंभरदा सांगितलं असेल. ते मुद्दाम कार्टूनच म्हणायचे, मला चिडवायला.

सुरुवात माझ्यामुळे झाली. मी दिवसभर हायवेवरच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचचं काम बघते आणि उरलेल्या वेळात चालू ॲनिमेवर मराठीत लिहिते. या आठवड्यात कुठला भाग चांगला झाला, कुठे माती खाल्ली, मूळ गोष्टीतलं काय गाळलं. वाचणारे थोडे आहेत आणि त्यातले निम्मे शिव्या घालायलाच येतात. आई गेल्यावर बाबा संध्याकाळी नुसते भिंतीकडे बघत बसायचे, म्हणून एकदा मी त्यांना माझ्या बाजूला बसवलं. पाच मिनिटांत म्हणाले, "या सगळ्यांचे डोळे आलेत का गं?" मी म्हटलं, गप्प बसा आणि बघा. दहाव्या मिनिटाला म्हणाले, "हा काढणारा लबाड आहे. हात काढता येत नाहीत म्हणून पोरांना खिशात हात घालून उभं केलंय."

झालं! त्या दिवसापासून ते माझे भागीदार झाले. माझ्या लिखाणातलं जे लोकांना आवडायचं त्यातलं निम्मं बाबांचं असायचं, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

त्यांनी एक जुनी वही काढली आणि लाल शाईने प्रत्येक भागाला गुण द्यायला लागले. दहापैकी. हातांना दोन गुण वेगळे राखलेले. खाली एका ओळीचा शेरा. "पाणी उत्तम, माणसं घाईत." "नाक विसरले." नारपोलीत आमची खोली यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या डोक्यावर आहे, खालून दिवसभर खटखट चालू असते, पण आमच्या गल्लीतले लूम शुक्रवारी बंद असतात. म्हणून आमचा वार शुक्रवार. चहा व्हायचा, चष्मा पुसून व्हायचा आणि साडेसातला बाबा भिंतीला टेकून ताठ बसायचे, परीक्षेच्या हॉलवर बसावं तसे.

एक नियम त्यांनी घालून दिला होता. ॲनिमे बहुतेक वेळा मांगावरून करतात, म्हणजे आधी छापून आलेल्या चित्रकथेवरून. मी मांगा वाचत असल्यामुळे पुढे काय होणार ते मला माहीत असायचं. बाबा मांगा वाचायचे नाहीत आणि मला तोंड उघडू द्यायचे नाहीत. "पेपर फोडायचा नाही," म्हणायचे. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला याहून मोठं पाप ठाऊक नव्हतं. मीही सहा वर्षांत एकदासुद्धा फोडला नाही. आणि एखाद्या भागाबद्दल त्यांच्याशी खोटं बोलले नाही. वाईट असेल तर वाईट म्हणायचं, मग बनवणारा कितीही मोठा असो. हा आमच्या घरचा एकमेव धर्म होता असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी बाबांचं पोट दुखायला लागलं. ठाण्याला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टरांनी मला आणि काकांना बाहेर बोलावलं. यकृतात गाठ होती आणि ती पसरली होती. पाच महिने, फार तर सहा, असं म्हणाले. काका शेलार गावात असतात, बाबांचे धाकटे भाऊ. डॉक्टर आत जाईपर्यंत ते माझा दंड घट्ट धरून उभे होते.

"त्याला काय सांगू नको," काका म्हणाले. "आपल्याकडं पेशंटला कोण सांगतंय का? खचंल तो. चार दिवस जगायचा तो दोन दिवसांत जाईल."

"पण काका, त्यांना विचारायला नको का?"

"न्हाय म्हंजे न्हाय. तुज्या आयशीची शपथ हाय."

आईची शपथ घातल्यावर मी काय बोलणार? खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. सांगणं माझ्याच्याने झालंच नसतं. बाबांना सांगितलं, लिव्हरला सूज आहे, सहा महिने पथ्य पाळलं की खडखडीत बरे. रिपोर्टची फाईल मी ऑफिसच्या कपाटात ठेवली.

बाबांनी विश्वास ठेवला. वरण-भात, ताक, औषधं, सगळं वेळच्या वेळी. आणि त्याच दिवसांत त्यांच्या डोक्यात एक नवीन खूळ शिरलं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासले, आता आपण एक मांगा काढायचा. सोळा पानांचा. आईचा. लग्न होऊन ती या लूमच्या गल्लीत आली तिथपासून. जाड कागद आणले आणि गणपतीत बसून सोळाच्या सोळा पानांवर पट्टीने चौकटी आखून ठेवल्या. कुठे लांब, कुठे अरुंद, एका पानावर एकच मोठी. मी विचारलं, या मोठीत काय? तर म्हणाले, "पेपर फोडायचा नाही."

आणि मग काढायला बसेनात. म्हणायचे, अंगात जरा ताकद येऊ दे. येणारा नवीन सीझन संपू दे, डोळ्याला वळण लागेल. सहा महिन्यांत बरा झालो की बसतोच. मी "हो बाबा" म्हणायचे. मला कळत होतं. एकदा नाही, रोज कळत होतं. रोज सकाळी गोडाऊनला निघताना ठरवायचे की आज येऊन सांगते, आणि रोज येऊन कुकर लावायचे.

नवरात्रात नवीन सीझन सुरू झाला. त्यात आम्ही जी गोष्ट धरली ती अशी: समुद्रात बुडालेली गावं, त्या गावांच्या घंटा पाण्यातून वर काढणारी एक मुलगी आणि तिला होडीतून नेणारा एक म्हातारा नावाडी. नावाडी तिरसट, सगळ्यांच्या चुका काढणारा. बाबांना तो पहिल्या भागातच आवडला. शेऱ्यात लिहिलं, "हात! याचे हात शिकून काढलेत." दोनपैकी दोन.

मांगामध्ये हा नावाडी सातव्या खंडात मरतो. तेही बरं मरण नाही. एका खडकावर, मुलगी घंटा घेऊन वर येईपर्यंत.

दिवाळी झाली आणि बाबा उतरायला लागले. पोट फुगलं, पायांना सूज आली. चौथा भाग संपल्यावर त्यांनी सात गुण दिले, पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेपर फोड."

मला वाटलं मस्करी करतायत. "काय हो बाबा, वय झालं का?"

"फोड गं. नावाडी शेवटपर्यंत असतो का?"

सहा वर्षांत त्यांनी असं कधीच विचारलं नव्हतं. आणि दुसऱ्याच क्षणाला माझ्यातली ती शहाणी समीक्षक कामाला लागली. एका भागाला साधारण दोन प्रकरणं, बारा भागांत चार खंड. म्हणजे सातवा खंड पुढच्या सीझनला. म्हणजे लवकरात लवकर पुढच्या वर्षी. तोपर्यंत.

हे सगळं मी बाबांच्या तोंडासमोर बसून मोजलं. मग हसून म्हटलं, "असतो बाबा. शेवटच्या पानापर्यंत असतो."

"घंटा मिळते?"

"तोच वाजवतो."

बाबांनी मान हलवली. त्या रात्री दोन घास जास्त जेवले. मला इतकं हलकं वाटलं की मी भांडी घासताना गाणं गुणगुणले. लाज वाटते आता.

आठव्या भागापर्यंत सगळं ठीक होतं. नवव्या भागात मुलगी एकदम दुसऱ्याच किनाऱ्यावर उतरली. मधले तीन खंड, ते बेटाचं सगळं प्रकरण, गायब! मी पेटले. असा लेख लिहिला की बस्स. इतकी सुंदर गोष्ट आणि तुम्ही तिला गाडी सुटल्यासारखी पळवताय, कसली एवढी घाई लागलीय, वगैरे. लोकांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशी गोडाऊनमध्ये माल उतरवून घेताना अचानक माझ्या हातातला पेन थांबला. तीन खंड उडवले म्हणजे सातवा खंड याच सीझनला येणार. दोन आठवड्यांत.

बाबा तेव्हा भिंतीला टेकून बसू शकत नव्हते. पाठीला तीन उशा लागायच्या. पण शुक्रवार मात्र चुकला नव्हता.

अकराव्या भागाच्या दिवशी मी म्हटलं, "आज नको बघू या. बोगस झालाय म्हणे."

"बोगस आहे की नाही ते मी ठरवतो. लाव."

नेट नाही म्हणायला हवं होतं. मोबाइल फोडायला हवा होता. मनात म्हटलं, एवढं बदललंय तर हेही बदललं असेल. लावला.

काही बदललं नव्हतं. तोच खडक, तेच पाणी. फार चांगला काढला होता, हेही सांगितलं पाहिजे. हात तर असे काढले होते की बघवत नव्हते. नावाडी गेला, मुलगी घंटा घेऊन वर आली, शेवटची नावं सुरू झाली. खाली लूम बंद. बाबांनी वही मागितली नाही.

"हे तू वाचलेलं होतंस," ते म्हणाले.

"हो."

"शेवटपर्यंत असतो म्हणालीस."

"तुम्हाला बरं नव्हतं, वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटेल म्हणून तू आजपर्यंत मला कधी काही सांगितलं नाहीस असं झालंय?" आवाज चढला नव्हता. वर्गात कॉपी पकडल्यावर ते असंच हळू बोलत असणार. "मी हा भाग बघितला की तुझं खोटं पकडलं जाणारच होतं. एवढी अक्कल तुला आहे. मग बोललीस कशी?"

मी त्यांच्या पाठीची उशी सारखी करायला लागले.

"हा भाग कधी येईल असं वाटलं होतं?"

"पुढच्या वर्षी."

बाबांनी मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे पुढच्या वर्षी मी बघणार नव्हतो."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. नंतर विचारलं, "डॉक्टर किती म्हणाले?"

"पाच-सहा महिने."

"कधी म्हणाले?"

"गणपतीच्या आधी."

त्यांनी बोटांवर मोजलं. माझ्यासमोर, जसं मी त्यांच्यासमोर मोजलं होतं. "गणपतीत माझा हात चालत होता गं," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, "चालत होता."

काकांनी शपथ घातली होती, मी सांगणारच होते, तुम्ही खचला असता, असलं काहीबाही मी बोलत सुटले. बाबा म्हणाले, "खचायचं की नाही ते मला विचारायचं होतंस. माझे दिवस होते ते." एवढंच. पुढे त्यावर ते कधी बोलले नाहीत. काकांनाही काही म्हणाले नाहीत. काका आले की हसून चहा सांगायचे.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. बाबांनी आखलेले कागद मागितले, मांडीवर पाट ठेवायला सांगितला. पहिल्या चौकटीत गल्लीचं तोंड काढलं, ते जमलं. दुसरीत आई काढायला घेतली. पदर आला, कपाळ आलं, हात काढताना पेन्सिल घसरली. पुन्हा काढला, पुन्हा घसरली. बोटं सुजून केळ्यासारखी झाली होती. तिसऱ्यांदा त्यांनी पेन्सिल टेकवली आणि नुसती धरून बसले. मग आईचा हात त्यांनी पदराखाली लपवला. तसाच, पोरांचे हात खिशात घालणाऱ्या त्या लबाडासारखा. माझ्याकडे बघितलं आणि त्यांना हसू आलं. मला नाही आलं.

"तोंडाने सांगा बाबा," मी म्हटलं. "कुठल्या चौकटीत काय, मी लिहून घेते."

"चित्र तोंडाने सांगतात होय गं?"

बाराव्या भागाला ते शुद्धीवर नव्हते. संक्रांतीच्या आधी गेले. पाच महिने धरून चालले होते ना मी, पाचच झाले. डॉक्टर आणि मी, आमचे दोघांचे अंदाज बरोबर आले.

वही माझ्याकडे आहे. अकराव्या भागाला त्यांनी नंतर कधीतरी गुण दिलेले मला सापडले. अक्षर वेडंवाकडं. दहापैकी दहा, हातांना दोनपैकी दोन. शेऱ्याची ओळ कोरी आहे.

आणि ती सोळा पानं आहेत. शुक्रवारी लूम बंद झाले की मी ती काढून बसते. पहिल्या पानावर गल्ली आणि हात लपवलेली आई. बाकीच्या चौकटी पट्टीने नीट आखलेल्या आहेत. नवव्या पानावर ती एकच मोठी. जगातल्या कुठल्याही गोष्टीत पुढे काय होणार ते मी सगळ्यांच्या आधी वाचून ठेवते, पण माझ्या आईच्या गोष्टीत त्या मोठ्या चौकटीत काय येणार होतं, ते मला माहीत नाही.