गारगोट्या आणि आम्ही चौघं

आमच्या चौघांत एकालाही स्वस्थ बसता येत नाही. म्हणून आम्ही रविवारी बसून दगड फोडतो! लोखंड येण्याआधी माणूस जशी हत्यारं घडवायचा, तशी. दगडावर दगड मारून. हत्यार होतं एखादंच, टवके निघतात घमेलंभर. किश्शांचंही तेच झालंय. कुठून सांगू?

आमच्या गुरू शेवाळे मॅडम. कोपरगावला भूगोल शिकवायच्या, आता रिटायर. मी नागापूरला एमआयडीसीत क्वालिटीला. पहिल्याच दिवशी मी दगड मोजायला खिशातून व्हर्नियर काढला.

"ठेवा तो!" मॅडम कडाडल्या. "आधी दगडाला टिचकी मारा आणि आवाज ऐका. खणखणीत वाजला तरच घ्या."

मी टिचकी मारून गारगोटी कानाला लावली. शेजारी भाऊसाहेब बसलेले. पुणतांब्याचे बागायतदार, आम्ही बसतो ते गोदावरीकाठचं वावर त्यांचंच. माझ्याकडे बघून म्हणाले,

"लागला का फोन?"

*

एकदा तिथंच पोलीस पाटील आले. कुणीतरी सांगितलं होतं, नदीला चार जण हत्यारं बनवतायत! मॅडमनी त्यांना समोर बसवलं. अश्मयुग, लोखंड नव्हतं तो काळ, सगळं सांगितलं. दगडाचं एक पातं काढून त्या पात्यानं कागदही कापून दाखवला. पाटलांनी मन लावून ऐकलं. उठता उठता विचारलं,

"मंग आता लोखंड संपलं व्हय?"

*

आमच्या घरचं वॉशिंग मशीन बंद पडलं. मेकॅनिकनं पंप उघडला, आत हात घातला आणि माझ्या पँटीच्या खिशातून गेलेले टवके एकेक करून फरशीवर मांडले. बायको माझ्याकडे बघतेय, मी खिडकीबाहेर.

"वहिनी, काळजी करू नका," तो म्हणाला. "मुतखडा हुता. पडला!"

*

मागच्या हंगामात भाऊसाहेबांच्या उसाला तुरे आले, तरी कारखान्याची तोड येईना. आज तोडणीची टोळी येती, उद्या येती. माणूस सारखा बांधावर जाऊन रस्ता बघायचा, परत यायचा आणि दगडावर असा घाव घालायचा की गारगोटीचा भुगा!

"भाऊसाहेब, दगडावर राग काढू नका," मॅडम म्हणाल्या.

"मंग कुनावर काढू? कारखाना लांब हाय!"

*

आता साळव्यांचं सांगतो. पोस्टातले साळवे, आमच्यातले चौथे. त्यांना एकच ध्यास, मुठीत धरायची दगडी कुऱ्हाड. पण एकही पुरी झाली नाही. छान आकार यायचा, मग "थांबा, आजून एक टवका!" आणि फाट्‌! दोन तुकडे.

त्यांची लेक बाळंतपणाला कोपरगावला आली होती. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. दवाखान्यात साळव्यांनी एवढ्या येरझाऱ्या घातल्या, की त्यांच्या बायकोनंच मॅडमना फोन केला, "ह्यांना घेऊन जा हो! पोरगी जास्तच घाबरायलीय."

मॅडमचं घर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत. मी आणि भाऊसाहेबही पोचलो. मॅडमनी अंगणात साळव्यांच्या हातात एक काळा दगड दिला. ते बसले. नजर समोर ठेवलेल्या मोबाईलवर, हात आपले चाललेले. टक्‌. दगड फिरव. टक्‌. आम्ही बघतच राहिलो. भाऊसाहेबांनी काही बोलायला तोंड उघडलं, तर मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं.

फोन वाजला. साळव्यांनी तो कानाला लावला आणि ऐकता ऐकता उभेच राहिले.

"मुलगी झाली! दोघी बऱ्या हायेत!"

दगड तिथंच टाकून, टवके उडतात म्हणून डोळ्यांवर चढवलेल्या गॉगलसकट पळत सुटले. मागं अंगणात बघतो तर काय, पुरी झालेली कुऱ्हाड!

बारशाला मॅडमनी ती कुऱ्हाड मऊ कापडात गुंडाळून नेली. साळव्यांनी ती उघडली, मुठीत धरली, उजेडाकडे नेऊन तिच्या धारेवरून हळूच अंगठा फिरवला.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमचा हात तो तुमचाच! आपल्याला या जन्मात न्हाई जमायची अशी."