गोड बोलणारी हेमला

मंगरूळपीरला बसस्थानकामागच्या गल्लीत हेमला राहते. त्या गल्लीत ख्रिस्ती घर तेवढं एकच. नवरा वीरेंद्र ट्रक चालवतो आणि महिन्यातले थोडेच दिवस घरी असतो. सासूला, कमलीबाईला, पक्षाघात झाला, डावं अंग गेलं आणि हेमलाचं सारं जग त्या खाटेभोवती येऊन थांबलं. शिवणवर्ग घ्यायची, तो सुटला. वाशीमची रविवारची प्रार्थनाही सुटली. म्हातारीला एकटं टाकून जायचं कसं?

कमलीबाईची जीभ मात्र शाबूत होती. पेज खारट, पाणी गार, कूस वळवताना हात जड. हेमलाचं उत्तर ठरलेलं असायचं, "असू द्या, आई. देव तुमाले बरं करन." आवाज कधी चढला नाही. ख्रिस्ताच्या माणसाचं बोलणं प्रेमाचं असावं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

शेजारच्या जैतुनबीचं बांगड्यांचं दुकान होतं. ती गिऱ्हाइकांना सांगायची, "बहू असावी तं हेमलासारखी. तोंडातून वाकडा शब्द नाई."

ते ऐकलं की हेमलाचा जीव आणखी कोंडायचा. गल्लीनं एकदा गोड ठरवल्यावर रागवायची सोयच उरली नव्हती. कणीक मळताना ती दात आवळून घ्यायची. स्थानकावरून वाहकाची "अकोला, अकोला" अशी हाक यायची. तिचे हात परातीतच थांबायचे. कोणत्याही गाडीत बसावं, कुठंही उतरावं, असं मनात यायचं. मग त्याचीच लाज वाटायची.

एका दुपारी ती चहा पाजत होती. कमलीबाईनं उजव्या हातानं कप लोटून दिला. चहा चादरीवर सांडला, हेमलाच्या मनगटावरही उडाला.

"असू द्या, आई," हेमला म्हणाली.

"मी मुद्दाम पाडला," कमलीबाई म्हणाली. "तरी असू द्या?"

हेमला पदरानं मनगट पुसू लागली.

"तू माह्याशी बोलतच नाईस. देवाले आन् गल्लीले ऐकवून राह्यली. मी मधात नुसती पडली हावो."

"असं काहून म्हणता, आई?"

"मले ओळखू येते. तुह्या सासऱ्यासंग मी जन्मभर असंच गोड बोलली. मेला तवा डोळ्यात पाणी नाई आलं माह्या."

हेमला ओल्या चादरीवरच बसली. बोलू लागली तेव्हा तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"मले राग येते, आई. रोज येते. तुमी हाक मारली की दात आवळून येतो. कधी वाटते, दार लोटून निंगून जावं."

कमलीबाईनं नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, "त्याचंच भेव वाटते मले. तू गेली तं मले कूस कोण वळवन? म्हनून हाका मारतो, हायस का नाई ते पाहाले."

तिचा उजवा हात ओल्या चादरीवर पडला होता. हेमलानं तो धरला. त्या घटकेला तिला सासूवर दया आली, रागही तसाच होता, आणि दोन्ही एकाच छातीत मावत होते.

दुसऱ्या दिवशी ती जैतुनबीच्या दुकानात गेली. "खाला, मले सोसत नाई आता. रविवारी थोडा वेळ आईपाशी बसान का?"

जैतुनबी बांगड्या लावता लावता थांबली. "बेटी, कवाबी विचारलं तं तू म्हणायची, सगळं ठीक हाय. मले कसं समजन?"

रविवारी जैतुनबी येऊन बसली. हेमला वाशीमच्या गाडीत चढली. वाटेत तिला घरची काळजी लागली आणि सुटल्यासारखंही वाटलं. प्रार्थनेला तिनं मोठे शब्द वापरले नाहीत. "प्रभू, माह्याच्यानं होत नाई," एवढंच म्हणाली.

कमलीबाई बरी झाली नाही, होणारही नाही. मदतीचं काढलं की वीरेंद्र फोनवर "पाहतो" म्हणतो आणि पाहत नाही. हेमलाचे दिवस अजून घराच्या दोन खोल्यांतच जातात. आता सासूसुनांची भांडणं भिंतीपलीकडे ऐकू जातात, आणि गल्लीत तिच्या गोड बोलण्याचं कौतुक बरंच कमी झालंय.

परवा पाय चोळताना कमलीबाई म्हणाली, "दुखते, हळू."

"मघापासून काहून नाई सांगितलं?" हेमला जरा चिडूनच म्हणाली, आणि तिनं हात हलका केला.