पंखा ऐकत नव्हता

दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे श्यामकांत बिवलकर सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले अनुवादक. सोसायटीच्या गणपतीत निवेदन कायम त्यांच्याकडे. माइक बिघडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचायचा. गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. ते काय म्हणतात ते फक्त त्यांच्या बायकोला, कुमुदिनीवहिनींना कळायचं.

मुलगा सुधन्वा गुरुग्रामला नोकरीला. आईची सारखी उठबस बघून एका रविवारी त्याने बाबांच्या खोलीतले दिवे आणि पंखा वायफायवर आणले, उशाशी छोटा स्पीकर ठेवला.

"बाबा, आधी हॅलो म्हणायचं, मग 'पंखा चालू करो'. बस्स."

'हॅलो' त्यांना जमलं. पुढचं सगळं घशातच राहिलं. "पं... आऊ ओ."

"माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई," स्पीकर म्हणाला.

सुधन्वाने भाषा बदलून पाहिली, आवाजाची ओळख पुन्हा करून दिली. सहाव्या वेळी पंखा फिरला तेव्हा तिघंही हसले. "प्रॅक्टिसने होईल," म्हणत तो गेला.

जूनमधल्या एका दुपारी वहिनी औषधं आणायला खाली उतरल्या. चिठ्ठी जुनी निघाली, दुकानदाराने डॉक्टरांना फोन लावेपर्यंत थांबवलं. तेवढ्यात वीज गेली आणि दोन मिनिटांत आली. पण वीज आल्यावर पंख्याचा हा नवा स्विच आपणहून चालू होत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पाऊण तासाने वहिनी परतल्या तर खोली भट्टीसारखी तापलेली. श्यामकांतांचा सदरा घामाने चिकटला होता, आवाज पार बसला होता. ते अजून स्पीकरकडे बघत होते.

वहिनींनी रडतच सुधन्वाला फोन केला. "अरे, पंखा तुझ्या फोनवरून लागला असता ना?"

"आई, मी मीटिंगमध्ये होतो. फोन बाहेर होता."

संध्याकाळी तो आला. फोनवर स्पीकरने ऐकलेल्या प्रत्येक वाक्याची नोंद होती. बाबांनी एकतीस वेळा हाक मारली होती. 'पंखा'च्या जागी कुठे 'बांका', कुठे 'अम्मा', पुढे नुसतं 'समझ नहीं आया'. त्याने शेवटचा आवाज लावला. त्याला कळेना. वहिनी म्हणाल्या, "हा पंखा नाहीये रे. मला बोलावतायत. कुमुद म्हणतायत."

दुसऱ्या दिवशी सुधन्वाने एक गोल बटण आणलं, बाबांच्या डाव्या हाताशी चिकटवलं. एकदा दाबलं की पंखा, दोनदा दाबलं की दिवा. तेव्हापासून एकदाही अडलेलं नाही.

परवा वहिनी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "थेरपिस्ट सांगते, दिवसभर बोलतं ठेवा. हे मात्र बटण दाबतात आणि गप्प बसतात. मलाही हाक मारत नाहीत."

"मग काढून टाका ना ते."

"काढलं होतं काल. म्हटलं, मला सांगा, मी लावते पंखा." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "तासभर उकाड्यात पडून राहिले, पण तोंड उघडलं नाही. शेवटी मीच परत चिकटवलं."